माळवदावरचा वाद

माझ्या बायकोचं आणि तिच्या मामांचं आभाळावरून वाजतं, ही आमच्या घरात नवी गोष्ट नाही. मामा देगलूरचे. खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा, थोडा गहू. पंचांग कायम उशाशी. बायको नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. यंदा महाशिवरात्रीला, १५ फेब्रुवारी २०२६ ला, आम्ही देगलूरला होतो. दिवसा होट्टलच्या सिद्धेश्वराचं दर्शन झालं. रात्री खाली मामांच्या धाकटीच्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या आणि आम्ही तिघं माळवदावर. चंद्र नव्हता. मामा-भाचीच्या मध्ये जावयानं पडायचं नसतं, म्हणून मी ऐकत बसलो. पुढचं बोलणं जमेल तसं त्यांच्याच शब्दांत देतो. मधूनमधून माझी लुडबुड आहे. ती लिहिणाऱ्याची आहे, जावयाची नाही.

भाची : मामा, मृग दाखवा बरं.

मामा : हे काय डोक्यावर. मधी तीन चांदण्यांचं तिकांडं, भवती चार कोपऱ्याला चार. रातची लाईट असली की गव्हाला पाणी द्यायला जावं लागतंय, तवा हेच सोबतीला. सध्या तिकांडं मावळतीला टेकलं की समजायचं, दोन वाजले. मोबाईल काढायची गरज न्हाई.

भाची : आणि सात जूनला मृग निघतो, तेव्हा हे तिकांडं कुठं असतं?

मामा : सात जूनला... सात जूनला ढग असतात.

भाची : ढग नसले तरी दिसायचं नाही. त्या दिवशी सूर्य मृगात शिरतो. म्हणजे तिकांडं सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार. ज्या नक्षत्राचा पाऊस चालू असतो, ते नक्षत्र त्या दिवसांत रात्री दिसतच नाही. पावसाचं नक्षत्र म्हणजे नुसता सूर्याचा पत्ता.

मामा : तेवढं ठावं हाय मला. तेरा-चौदा दिवसाला सूर्य घर बदलतो.

भाची : तेरा-चौदाच का?

मामा : ते कधी इचारलं न्हाई.

भाची : आभाळाच्या पूर्ण फेऱ्याचे ३६० अंश, नक्षत्रं २७. एकेकाच्या वाट्याला सव्वातेराहून थोडे जास्त अंश. पृथ्वी वर्षात सूर्याभोवती एक फेरी मारते, म्हणून सूर्य आपल्याला ताऱ्यांमधून रोज जेमतेम एक अंश सरकलेला दिसतो. झाले साडेतेरा दिवस. तुम्ही पेरणीचा हिशोब करता त्यातच पृथ्वीची प्रदक्षिणा आली.

मामा : मग माझं चुकलं कुठं? मिरग निघाला की पाऊस येतो.

भाची : येतो, पण मृगामुळं येत नाही. सूर्य एखाद्या ताऱ्यापाशी परत यायला जेवढा वेळ घेतो आणि ऋतू परत यायला जेवढा वेळ लागतो, त्यांत वीस मिनिटांचा फरक आहे. पृथ्वीचा आस फार हळू गिरकी घेतो, एक गिरकी सुमारे २६,००० वर्षांची, त्यामुळं हा फरक पडतो. वर्षाला वीस मिनिटं म्हणजे ७१-७२ वर्षांत एक दिवस.

मामा : माझ्या आज्यापासून सात जूनच हाय.

भाची : आजोबांपासून तुमच्यापर्यंत सरकून सरकून एक दिवस सरकणार, तो कोणाच्या ध्यानात येतो? पण वराहमिहिराच्या काळापासून मोजा. दीड हजार वर्षं झाली, म्हणजे वीस-एकवीस दिवस. तेव्हा सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या मे महिन्याच्या मध्याला. म्हणून पाऊस काही तीन आठवडे आधी येत नव्हता. पाऊस ऋतूवर चालतो: सूर्य किती वर आला, जमीन किती तापली, समुद्रावरून वारं कधी फिरलं. सूर्याच्या मागं कोणता तारा आहे ह्याचं त्याला सोयरसुतक नाही.

मामा : आन् वाहन? बेडूक, म्हैस असलं म्हणजे पडतोच की.

भाची : वाहन काढतात कसं? सूर्य नक्षत्रात शिरताना चंद्र कुठं आहे ते बघायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरेल त्या नंबराचं जनावर. भागाकार आहे मामा तो. मुंबईला, देगलूरला, सगळ्यांना एकच जनावर. गेल्या ऑगस्टमध्ये मुखेडला एका रात्रीत गावं पाण्याखाली गेली. तेच नक्षत्र आणि तेच वाहन बाकीच्या महाराष्ट्रालाही होतं.

मुखेड म्हणजे शेजारचा तालुका. लेंडी नदी तिकडचीही आणि इकडचीही. मामा ह्यावर काही बोलले नाहीत. तंबाखू मळत राहिले. मला वाटलं, संपला वाद. पण मामा गडी कसलेला.

मामा : बरं, आता माझं ऐक. उत्तरायण कव्हा लागतं?

भाची : तुम्ही सांगा.

मामा : संक्रांतीला, म्हणतात. पण ते काय खरं न्हाई.

उशाशी पंचांग ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी सावरून बसलो.

मामा : माझ्या आखाड्यावरून बघ. दिवाळीनंतर सूर्य उगवायला दक्षिणेकडं सरकत जातो, सरकत जातो, पार बांधावरच्या बाभळीपर्यंत. नाताळाच्या आधी धा-बारा रोज तिथंच अडकल्यावानी दिसतो. आन् संक्रांत येईस्तोवर बाभूळ सोडून वापस फिरलेला असतो. वापस फिरायला तो तिळगुळाची वाट बघत न्हाई. कामून हासू लालीस?

भाची : हसत नाही. हे कोणी शिकवलं तुम्हाला?

मामा : शिकवायचं काय त्याच्यात. डोळे हायत, बाभूळ हाय.

भाची : सूर्य वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत शिरण्याचा दिवस, ताऱ्यांवरून मोजलेला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडायच्या, मग संक्रांत त्याच वीस मिनिटांनी मागं मागं पडत गेली. स्वामी विवेकानंद मकर संक्रांतीला जन्मले, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता संक्रांत १४ ला येते, कधी १५ ला. आणखी एक करा. हात सरळ पुढं ताणून मूठ धरली की ती आभाळाचे साधारण दहा अंश झाकते. तुमच्या बाभळीपासून जूनमधल्या शेवटच्या टोकापर्यंत मोजा. देगलूरहून सूर्योदयाची जागा वर्षात पाच मुठी हलते, पन्नास अंश.

ह्या ठिकाणी वादात मला माझं घालायचं आहे. मामांनी बाभळीवरून जे केलं, तेच महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी एकोणिसाव्या शतकात केलं. तोवर आपली बहुतेक पंचांगं गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव'वर चालत. कोकणातल्या नांदगावच्या ह्या माणसाने १५२० च्या सुमारास ग्रहगणित इतकं सोपं करून ठेवलं, की ज्या-कोज्यांच्या कोष्टकांची गरजच उरली नाही. सोय मोठी, पण साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साचत गेल्या. पंचांगातलं ग्रहण एका वेळी आणि आभाळातलं दुसऱ्या वेळी, असं व्हायला लागलं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली आणि थोड्याच वर्षांत नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग निघालं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिःशास्त्र' लिहून सगळी वंशावळच मांडली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी कोष्टकं आणखी नेमकी केली. लोकमान्य टिळकांनी ह्या सुधारणेसाठी परिषदा घडवल्या. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा ह्यावर एकमत झालं नाही, टिळक पंचांग वेगळं राहिलं. पण ग्रह डोळ्यांना जिथं दिसेल तिथंच तो पंचांगात पाहिजे, हे सर्वांनी मान्य केलं. 'पंचांगात लिहिलंय' म्हणून वाद मिटवणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. पंचांग जिवंत राहिलं ते दुरुस्त होत गेलं म्हणून.

आणि हे सगळं काही पुण्या-मुंबईतच घडलं असं नाही. भाचीने मामांना पाथरीच्या ज्ञानराजाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. परभणी जिल्ह्यातलं पाथरी, म्हणजे जुनं पार्थपूर. तिथं १५०३ च्या सुमारास ज्ञानराजाने 'सिद्धांतसुंदर' हा ज्योतिषावरचा ग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास 'लीलावती'चा टीकाकार, शिवाय त्याने एक काव्य असं लिहिलं की सुलटं वाचलं तर रामाची कथा आणि उलटं वाचलं तर कृष्णाची.

मामा : पाथरीचा? आपल्या गोदाकाठचा?

भाची : आपल्याच. आणि तुमचे आजोबा निजामाच्या राज्यात होते ना? त्याच राज्यात, हैदराबादला, नवाब जफर जंगांनी १९०१ मध्ये इंग्लंडहून दुर्बीण आणून वेधशाळा काढली. पुढं ती सरकारने घेतली, निजामिया वेधशाळा. साऱ्या जगाने मिळून आभाळाचे फोटो काढून ताऱ्यांची यादी करायची असं ठरलं होतं, त्यातला एक दक्षिणेकडचा पट्टा हैदराबादने केला.

मामा : निजामानं सारा घेतला ते ठावं होतं. आभाळ पण मोजून घेतलं म्हण की.

खालून कोणीतरी मंडपवाल्याचा फोन आल्याचं ओरडून सांगितलं आणि बोलणं आपोआप लग्नावर आलं.

मामा : ते समदं राहू दे. शुक्राचा अस्त होता म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून लग्नं थांबली. फेब्रुवारी उजाडल्यावर तारीख मिळाली. अस्त खरा का खोटा?

भाची : अस्त शंभर टक्के खरा. शुक्र सूर्याच्या फार जवळ दिसायला लागला की उजेडात बुडतो, त्याला अस्त म्हणायचं. ६ जानेवारीला तो बरोबर सूर्याच्या पलीकडं होता, आपल्यापासून जवळपास साडेपंचवीस कोटी किलोमीटरवर. आज संध्याकाळी पश्चिमेला अगदी खाली दिसत होता, मी दाखवला नाही का? येत्या २४ ऑक्टोबरला पुन्हा सूर्याशी गाठ पडेल, पण तेव्हा अलीकडून, जेमतेम चार कोटी किलोमीटरवरून. पलीकडचा अस्त लांबतो, दीड-पावणेदोन महिने चालतो. अलीकडचा थोड्याच दिवसांत उरकतो, कारण जवळून जाताना शुक्र आभाळात भरभर सरकतो. पंचांगात दोन्ही अस्त बरोबर दिलेले असतात.

मामा : मग झालं की.

भाची : नाही झालं. शुक्र सूर्याआड गेला म्हणून माझ्या मामेबहिणीचा संसार बिघडेल, ह्याला आधार काय?

मामा : आधार बिधार राहू दे. सगळ्या गावाची लग्नं एकदम थांबतात, एकदम सुटतात. मंडपवाला, बँडवाला, आचारी, समद्याला आधीच कळतंय कव्हा काम हाय, कव्हा न्हाई. पाव्हण्यारावळ्यालाही दिवस मोकळे मिळतात. असा बंद आभाळावर नाव घालून करावा लागतो. माणसाच्या नावानं केला तर कोण ऐकतंय?

मला हा मुद्दा आवडला, पटला नाही तरी. ज्या चालीरीती खगोलावर टांगलेल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणी गावाच्या सोयीच्या आहेत. पण सोयीसाठी मानलेला नियम आणि भीतीने पाळलेला नियम ह्यांत अंतर आहे. मंगळाचं नाव काढून मुलीचं स्थळ मोडतात तेव्हा कसलीही सोय नसते.

मामा : बरं, गुरु वक्री हाय सध्या. हे तर तू मानतीस?

भाची : मानते. बघा, तो डोक्यावर सगळ्यात ठळक, लुकलुकत नाही तो. तारा आपल्याला फक्त टिंब दिसतो, हवा हलली की तो लुकलुकतो. ग्रहाला थोडी रुंदी असते, म्हणून त्याचा उजेड ठाम राहतो. नोव्हेंबरच्या अकराव्या तारखेपासून गुरु पुनर्वसूपासून मागं, पश्चिमेकडं सरकतोय. मार्चच्या अकराच्या सुमाराला सरळ होईल.

मामा : मागं कामून जातो?

भाची : तो मागं जात नाही. तुम्ही एस.टी.ने नांदेडला निघता, पुढं उसाचा ट्रॅक्टर असतो. बस त्याला ओलांडते तेव्हा लांबच्या झाडांच्या मानानं ट्रॅक्टर मागं गेल्यासारखा दिसतो का नाही? पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर पळते, गुरु तेरा. १० जानेवारीला आपण त्याला आतून ओलांडलं. लांबचे तारे म्हणजे ती झाडं. मंगळाचंही तसंच, फक्त त्याला ओलांडायची वेळ सव्वीस महिन्यांनी येते. गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होता ना, तांबडा ग्रह पुष्याकडून पुनर्वसूकडं उलटा चाललाय?

मामा : म्हणलो होतो. डिसेंबरात पाण्याला जाताना वेगळ्या जागी होता, फेब्रुवारीत वेगळ्या.

भाची : ७ डिसेंबर २०२४ ते २४ फेब्रुवारी २०२५. पंचांग न बघता तुम्ही वक्री मंगळ पाहिलात. माझ्या वर्गातल्या एकानेही पाहिला नव्हता.

मामा खूश झाले, पण दाखवलं नाही. विषय शनीवर नेला. घरात कोणाला तरी साडेसाती चालू असतेच.

भाची : साडेसातीचं गणित सांगते. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. तुमची रास, तिच्या आधीची आणि नंतरची, तीन राशी मिळून साडेसात. आकडा चोख आहे.

मामा : म्हणजे साडेसाती खरी.

भाची : साडेसात वर्षं खरी. सोयाबीनला भाव मिळत नाही तो शनीमुळं नाही. आणि ह्याच आकड्यांतून केप्लरने काय काढलं बघा, सतराव्या शतकाच्या आरंभी. ग्रहाच्या फेरीची वर्षं घ्या, त्यांचा वर्ग करा; तेवढाच येतो त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराचा घन, अंतर पृथ्वीच्या अंतरात मोजलं तर. गुरुची फेरी ११.८६ वर्षांची. वर्ग आला १४० च्या वर. घनमूळ काढा, ५.२. म्हणजे गुरु आपल्यापेक्षा सूर्यापासून पाचपट लांब. टेप न धरता, नुसती वर्षं मोजून.

मामा : पावणेबारा-बाराच्या मधलं काहीतरी. मग सिंहस्थ बारा वर्षांनी कसा?

भाची : बारा हा ढोबळ आकडा. वर्षाला थोडं थोडं करून उरतं, आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एक वर्ष कमी करावं लागतं. हरिद्वारचा कुंभ २०१० ला झाला, पुढचा २०२१ ला. अकरा वर्षांनी.

ह्यानंतर दुर्बीण निघाली. साधी, दोन डोळ्यांची, शिकाऱ्याच्या गळ्यात असते तशी. कठड्यावर कोपर टेकून गुरुवर लावली की ग्रहाच्या दोन्ही अंगांना बारीक टिंबं एका रेघेत दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले ते चंद्र. मामांनी बराच वेळ डोळा लावला. मग म्हणाले, "पोरं हायत की त्याला." भाचीने तिथंच उजेडाचा विषय काढला.

भाची : हे जे पाहताय ना, ते आत्ताचं नाही. गुरुवरून निघालेला उजेड इथं यायला सध्या सदतीस मिनिटांच्या आसपास लागतात. आपण खाली जेवत होतो तेव्हाचा गुरु आहे हा.

मामा : कोणी मोजलं? घड्याळ घेऊन कोण बसलं होतं?

भाची : घड्याळ गुरुनेच दिलं. त्याचा आतला चंद्र, आयो, दर साडेबेचाळीस तासांनी गुरुच्या सावलीत जातो. ओले रोमर नावाचा डेन्मार्कचा माणूस पॅरिसला ह्या ग्रहणांच्या वेळा नोंदत होता. पृथ्वी गुरुपासून लांब जायला लागली की ग्रहणं उशिरा दिसायची, जवळ यायला लागली की लवकर. चंद्राची चाल तर बदलत नाही. मग उशीर कुठून आला? उजेडाला जास्त वाट तुडवावी लागते म्हणून. हे त्याने १६७६ मध्ये मांडलं, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी. त्याचा आकडा नेमका नव्हता, पण उजेडाला वेळ लागतो हे पक्कं झालं. आज आपण जाणतो, सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर. चंद्राचा उजेड सव्वा सेकंदात येतो, सूर्याचा आठ मिनिटं वीस सेकंदांत.

मामा : आन् हा? (व्याधाकडं बोट.)

भाची : व्याध साडेआठ वर्षांहून थोडा जास्त. त्याच्या खाली, तो दक्षिणेला, अगस्ती. त्याचा उजेड तीनशे दहा वर्षांपूर्वी निघाला. बाळाजी विश्वनाथ नुकते पेशवे झाले होते तेव्हा.

मामा : म्हणजे आता तो हाय का न्हाई, हे पण सांगता यायचं न्हाई.

भाची : तसं काही होईल असं वाटत नाही, त्याचं आयुष्य फार मोठं आहे. पण तत्त्वानं तुमचं बरोबर. आभाळात दिसणारी कोणतीच गोष्ट आत्ताची नसते.

मामा : तर मग 'डोळ्यांनी बघितलं तेच खरं' असं मघाशी तूच म्हणत होतीस.

हा चिमटा चांगला होता. भाचीने उत्तर दिलं की डोळ्यांनी पाहिलेलं खरं, पण पाहिलेल्याचा अर्थ लावायला गणित लागतं. नुसते डोळे आणि नुसतं गणित, दोन्ही अडतात. उत्तर बरोबर आहे. तरी मला वाटतं, चिमटा मामांचाच बसला.

नऊ वाजत आले होते. आता जे झालं ते प्रत्येक देगलूरकराने करून पाहावं असं आहे. ह्या तारखेला रात्री नऊच्या सुमाराला अगस्ती बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर, त्याच्या सर्वांत उंच जागी येतो. भाचीने मामांना दक्षिणेकडं तोंड करून हात ताणायला लावला. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. दोन मुठी पूर्ण भरायच्या आत अगस्ती. मग उलटं फिरून उत्तरेला. तिकडं गावाचे हायमास्ट दिवे, त्यामुळं मामांनी डाव्या पंजाने उजेड झाकला आणि उजव्या मुठीने मोजलं. दोन मुठींच्या जरा खाली ध्रुव. दोन्हीकडं माप तेच.

मामा : सारखंच भरलं. असं कसं?

भाची : ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. देगलूर साडेअठरा अंशांवर, म्हणून ध्रुव साडेअठराच्या आसपास. अगस्ती आकाशाच्या विषुववृत्ताच्या पावणेत्रेपन्न अंश दक्षिणेला आहे. नव्वदातून साडेअठरा गेले, त्यातून पावणेत्रेपन्न गेले. उरले पावणेएकोणीस. दिल्लीला ध्रुव साडेअठ्ठावीसवर चढतो आणि अगस्ती जेमतेम नऊ अंशांवर येतो. कन्याकुमारीला ध्रुव आठ अंशांवर, अगस्ती एकोणतीसवर. दोन्ही बाजू सारख्या भरतात त्या आपल्या ह्या पट्ट्यात.

मामा : म्हणजे आभाळावरून गाव ओळखता येतंय.

भाची : आणि जमीन गोल आहे हेही. सपाट असती तर दिल्लीला आणि देगलूरला ध्रुव सारख्याच उंचीवर दिसला असता.

मामांनी पुन्हा एकदा दोन्हीकडं मुठी मोजल्या. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मामा : हे तुझ्या शाळेतल्या पोरांना दाखवलंस का कधी?

भाची : शाळा दिवसा असते, मामा.

मामा : आन् पुस्तकात हे धडे कव्हा येतात?

भाची : शेवटी. सातवीला 'तारकांच्या दुनियेत' हा शेवटचा धडा, आठवीलाही 'ताऱ्यांची जीवनयात्रा' शेवटचाच. तिथवर पोचेपर्यंत परीक्षा आलेली असते. मग व्याख्या लिहून देतो आणि पुढं जातो.

मामा : म्हणजे आभाळ जव्हा सगळ्यात चांगलं असतं, तव्हाच तुम्हाला घाई. आन् आम्हाला म्हणता, पंचांगातून डोकं वर काढा.

भाचीला ह्यावर उत्तर नव्हतं, आणि खरं तर ते तिच्या एकटीचं काम नाही. ह्या वादाचा माझ्यापुरता निवाडा सांगतो. पंचांगातलं गणित खरं आहे आणि ते शाळेत शिकवायला हवं. तिथी, नक्षत्र, अस्त, वक्री हे शब्द मुलांच्या घरात रोज बोलले जातात, त्यांतूनच पृथ्वीची फेरी आणि ग्रहांची चाल शिकवता येते. पंचांगातलं फळ मात्र कोणत्याही माळवदावरून तपासता येत नाही, ते सोडून द्यावं. औंढा नागनाथला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे, त्यासाठी २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. ती गुरुत्वीय लहरी टिपेल. नांदेड-हिंगोलीच्या मुलांनी तिथं नुसतं गेटवरचं काम करायचं नसेल, तर आधी त्यांनी अगस्ती पाहिलेला हवा.

देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर भागातल्या शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती. आकाशाचा धडा पुस्तकात शेवटी असला तरी जानेवारी-फेब्रुवारीतली अमावास्येच्या जवळची एक रात्र त्याच्यासाठी राखून ठेवा. मे महिन्याच्या १४ तारखेच्या मागं-पुढं एक-दोन दिवस, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला, गच्चीवर एक सरळ पाइप उभा करा; सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि पाइपाची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीला पुन्हा तसाच दिवस येतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. आणि रात्रीच्या निरीक्षणाला मार्गदर्शक कोण बोलवावा अशी अडचण असेल, तर पालकांच्या यादीत रातच्या लाईटीवर पाणी द्यायला जाणारा एखादा शेतकरी शोधा आणि त्याला बोलवा.